ज्वारीवरच हाय

केरबा गजभारे दिवसातून तीस-चाळीस वेळा खोटं बोलायचा आणि त्याचं त्याला काही म्हणजे काही वाटायचं नाही. एरवी माणूस सरळ. कुणाच्या पिठातली चिमूट उचलणार नाही, दारूला शिवणार नाही. रविवारी विहारात पहिल्या ओळीत मांडी घालून बसणार आणि पंचशील खणखणीत आवाजात म्हणणार. त्या पाचांतलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही तो खणखणीतच म्हणायचा. सोमवारी सकाळी गिरणीचा पट्टा चढला की पहिल्याच डब्याला ते मोडायचं.

खोटं तसं एवढंसंच होतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या थोडं अलीकडं त्याची पिठाची गिरणी. दगडी चक्की एकच आणि धान्यं मात्र सतरा प्रकारची. एक दळण संपून दुसरं पडलं की आधीच्याचं मूठ-दोन मूठ पीठ दगडांत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. हे दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून डोक्यावरचा डबा खाली ठेवण्याआधी ती विचारते, "कशावर हाय?" म्हणजे आत्ता चक्कीत कुठलं धान्य होतं, माझं कशाच्या मागून पडणार. ज्वारीच्या मागून गहू पडला तर पोळी तव्यावर तुटते आणि घरात सुनेला बोलणी बसतात.

केरबाचं उत्तर ठरलेलं. गव्हाचा डबा दिसला की, "गव्हावरच हाय, टाका." ज्वारीचा दिसला की, "ज्वारीवरच हाय, टाका." एकदा कुणी पाहुण्यांसाठी नाचणी आणली तर हा पठ्ठ्या म्हणाला, "नाचणीवरच हाय." महिनाभरात गिरणीत नाचणीचा दाणा आला नव्हता. ती नाचणी हरभऱ्याच्या डाळीवर दळली गेली आणि पाहुण्यांनी ती चवीनं खाल्ली, असं त्या बाईनंच नंतर सांगितलं.

लुंबिनी त्याची एकुलती लेक. लहानपणी शाळा सुटली की ती गिरणीतच येऊन बसायची, रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर, केसांवर पांढरी भुकटी घेऊन. बाप "ज्वारीवरच हाय" म्हणाला की ती फिसकन हसायची. केरबा डोळे वटारायचा आणि स्वतःही मिशीत हसायचा. त्या दोघांचं ते गुपित होतं. गुपित कसलं म्हणा, अर्ध्या गावाला ठाऊक होतं, पण पोरीला ते फक्त आपलं वाटायचं.

पुढं लुंबिनी एसटीत कंडक्टर झाली. खाकी कपडे घालून पहिल्या दिवशी ड्यूटीला निघाली तेव्हा केरबानं गिरणी बंद ठेवली होती, तीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा दळणाला रांग असते. नांदेड डेपोची गाडी, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर आणि परत. लेक नोकरीला लागली म्हणून केरबाच्या घरात एक बदल झाला. आतापर्यंत सणावारी होणारी गव्हाची पोळी रोज व्हायला लागली. तिच्या डब्यात तर पोळीच हवी असा त्याचा हट्ट होता. भाकरी नेणारी पोर इतर कंडक्टरांत उठून दिसेल, असं त्याला वाटे. सगळ्यात चांगला गहू निवडून, दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावून तो तिच्यासाठी बारीक पीठ काढायचा.

दीड-दोन वर्षांत पोर वाळत गेली. पोट फुगायचं, अंगावर रक्त राहीना, जिना चढली तरी धाप लागायची. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या, दृष्ट काढून झाली. केरबाची बायको सरजाबाई दृष्ट वगैरे मानत नाही, पण तिनंही गुपचूप एकदा मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेवटी लातूरच्या पोटाच्या डॉक्टर विशाखा औसेकर यांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सांगितलं की हिला सिलिॲक आहे. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, ग्लुटेन. तो हिच्या आतड्याला सोसत नाही. जन्मभर गहू बंद.

केरबाला त्या दिवशी खरं तर हायसं वाटलं. गहूच बंद ना? मग काय. आपला मुलूख ज्वारीचा. बापजाद्यांनी कुठं गहू पाहिला होता? सरजाबाईनं नवा तवा आणला, वेगळी काथवट आणली, लुंबिनीची भाकरी आधी थापायची आणि मग बाकीच्यांचं, असा नेम लावला. लोकांना समजावून सांगता सांगता मात्र दोघं दमले. "गहू न्हाई ना चालत, मग मैद्याचं बिस्कीट घे की," असं डेपोतल्या बायका लुंबिनीला म्हणायच्या. "रवा तर चालतो ना? रव्यात कुठं गहू असतो?" असं तिची सख्खी मावशी म्हणाली. मैदा आणि रवा काय झाडाला लागतात काय, असं केरबा चिडून म्हणायचा. गिरणीवाल्याच्या घरात तरी असलं अज्ञान नव्हतं, याचा त्याला अभिमान होता.

आठ महिने गेले. लुंबिनीचं पोट थोडं बरं, पण झोप गेली. पडल्या पडल्या पोटऱ्यांत गोळे यायचे, पाय आखडायचे, डोळा लागला की दचकून जाग. सकाळी तोंड सुजलेलं घेऊन ती ड्यूटीवर जायची. घरी विचारलं तर म्हणायची, "झोपले की थोडंसं." केरबाला खरं काय ते संक्रांतीनंतर कळलं, तिला दाखवायला तिच्याच गाडीनं लातूरला निघाला तेव्हा.

नांदेडच्या स्टँडवर तिनं त्याला हसून तिसऱ्या सीटवर बसवलं, तिकीट दिलं. लोह्याला दहा-बारा माणसं चढली. ती मागून पुढं तिकिटं काढत आली, केरबाच्या सीटशी थांबली, मशीनवर बोट ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "कुठं?"

केरबाला वाटलं थट्टा करतेय.

"कुठं उतरायचं, बाबा? लवकर बोला," ती म्हणाली. त्या 'बाबा'त ओळख नव्हती, कुठल्याही म्हाताऱ्या प्रवाशाला म्हणतात तो बाबा होता.

"माय, मी हाय," केरबा म्हणाला.

तिनं दोनदा डोळे मिटले-उघडले. "हाव हाव. माहीत हाय," म्हणाली आणि पुढच्या सीटकडं वळली. चाकूर येईपर्यंत केरबा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याला रस्ता दिसत नव्हता. पोटच्या लेकीनं आपल्याला ओळखलं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

लातूरला गाडी परतीला दोन तास थांबते. तेवढ्यात दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी नवे कागद पाहिले, जुन्यांशी ताडून पाहिले. गव्हानं रक्तात चढणारा जो आकडा आठ महिन्यांत उतरायला हवा होता तो होता तिथंच होता.

"काय काय खाता?"

"भाकरीच खाते, मॅडम. बाहेरचं काहीच न्हाई."

"पीठ कुठलं?"

इथं केरबा पुढं सरसावला. या प्रश्नाचीच तो वाट पाहत असावा. "पिठाचं टेन्शनच न्हाई, मॅडम. घरचीच गिरणी हाय. हिचं दळण मी सोता दळतो, सकाळी सगळ्यात पैलं."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "त्याच चक्कीवर गहूही दळता?"

"हाव. पर हिचं टाकायच्या आधी दोन मुठी ज्वारी टाकून चक्की साफ करून घेतो ना. तेवढं कळतं मला."

डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, हिला पोळी खायची गरजच नाही. चिमटीत मावेल एवढं गव्हाचं पीठ रोज पोटात गेलं तरी आतडं सुजलेलंच राहतं. दगडांच्या खाचांत, त्या कापडात, हवेत, तुमच्या कपड्यांवर, सगळीकडं ते आहे. दोन मुठींनी नाही जात."

केरबानं लेकीकडं पाहिलं नाही. लेकीनंही त्याच्याकडं पाहिलं नाही, ती आपल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिली. आठ महिने. दररोज. स्वतःच्या हातानं, सगळ्यात आधी, मोठ्या मायेनं दळून घातलं. शत्रूनंही एवढ्या नेमानं घातलं नसतं, असं त्याला वाटलं आणि तिथंच, त्या खुर्चीत, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं तेही त्यानं अर्धवटच ऐकलं. रक्तात मॅग्नेशियम फार कमी आहे. खाण्यात ते असतं, तिळात, शेंगदाण्यात, ज्वारीतही असतं, पण सुजलेलं आतडं ते शोषून घेत नाही. पाय वळतात, झोप लागत नाही ती बहुतेक त्यामुळं. गोळी सुरू करू. "पण गोळी बघून घ्या," त्या म्हणाल्या. "गोळी म्हणजे नुसतं औषध नसतं. ते धरून ठेवायला त्यात पीठ घालतात, स्टार्च. बहुतेक मक्याचं असतं. कधी गव्हाचंही असू शकतं. लेबल वाचा, कंपनीला फोन करा, लिहून मागा."

"मॅडम, तुमीच नाव लिहून द्या ना. तुमी म्हणाल ती घेतो."

"नाव लिहून देते. पण आत काय घातलंय आणि कुठल्या मशीनवर केलंय याची खात्री मला नाही देता येत."

"तुमी डॉक्टर हाय. तुमालाच ठाऊक न्हाई म्हणल्यावर आमी कुनाला इचारावं?"

"खरं आहे, काका," त्या म्हणाल्या आणि नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच्यापुढं सरकवली. त्यांचा राग यावा असं काही त्या बोलल्या नव्हत्या. तरीही केरबाला राग आला.

घरी येऊन त्यानं एवढं केलं की दुसऱ्याच दिवशी एक घरघंटी आणली, ती बहिणीच्या घरी ठेवली आणि त्या घरघंटीला ज्वारीशिवाय दुसरं धान्य दाखवायचं नाही अशी ताकीद दिली. गिरणीचे कपडे गिरणीतच काढून, मागच्या नळावर अंघोळ करून मगच तो घरात पाऊल टाकू लागला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा तर आधी साबणानं हात धुवायचा. कधी कधी हात धुऊन येईपर्यंत ती उठून गेलेली असायची.

राहिली गोळी. एवढीशी गोळी, तिनं केरबाला असा नाच नाचवला की विचारू नका.

पहिल्यांदा तो मन्मथअप्पाच्या मेडिकलमध्ये गेला. मन्मथअप्पा बिरादार म्हणजे वीस वर्षांची ओळख, त्याच्या घरचं दळण केरबाकडंच. त्यानं चिठ्ठी पाहिली, मागं वळून पाकीट काढलं आणि सवयीप्रमाणं कात्रीनं पट्टी कापून पाच गोळ्या समोर ठेवल्या.

"यात गहू न्हाई ना?" केरबानं विचारलं.

"गोळीत कुठं गहू असतोय, केरबा? पोळी हाय का ती?" मन्मथअप्पा हसला. दुकानातली दोन माणसंही हसली.

केरबानं चष्मा लावून पट्टी उलटीसुलटी केली. अक्षरं जिथं होती तिथूनच कात्री गेली होती. उरलेल्या तुकड्यावर नाव अर्धं, तारीख अर्धी. त्यानं अख्खी पट्टी मागितली, मग अख्खा डबा मागितला. मन्मथअप्पानं तो नाक मुरडत दिला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. केरबानं मोबाइलवर फोटो काढून लेकीला पाठवला. अहमदपूरहून तिचं उत्तर आलं, 'औषध एवढं एवढं, बाकी घटक गरजेनुसार. रंग अमुक. एवढंच लिवलंय.'

"हे बाकी घटक म्हणजे काय?" केरबानं विचारलं.

"बाकी म्हणजे बाकी," मन्मथअप्पा म्हणाला. "स्टार्च असंल. मक्याचंच असतंय बहुतेक."

"बहुतेक?"

"आता मी काय कारखान्यात जाऊन बघू व्हय?" मन्मथअप्पा वैतागला. त्याचंही बरोबरच होतं.

मग लुंबिनीनं ऑनलाइन शोधलं. परदेशातली एक होती, तिच्यावर तपासणी केल्याचा शिक्का आणि नंबर सगळं होतं. ती मागवली. तीन आठवड्यांनी ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला. पुन्हा मागवली, पुन्हा तेच. मग एक बरणी आली, तिच्यावर हिरव्या गोलात फुली मारलेली गव्हाची लोंबी छापलेली. केरबा हरखला. बरणी हातात घेऊन त्यानं ती लोंबी सरजाबाईला दाखवली, बहिणीला दाखवली. संध्याकाळी लुंबिनी आली, तिनं बरणी फिरवून मागचं बारीक वाचलं आणि खाली ठेवली. "ज्या कारखान्यात हे बनतं तिथं गहू, सोयाबीन आणि दूधही हाताळलं जातं," असं तिथं लिहिलं होतं.

"म्हणजे गव्हावर हाय," केरबा म्हणाला.

"हाव. पर खरं तरी बोलले," लुंबिनी म्हणाली. ती बरणी तशीच राहिली. तिसरी बरणी आली तिच्यावर असलं काही नव्हतं. लोंबी नाही, इशारा नाही, गव्हाचं नावच नाही. फक्त तळाशी ग्राहकांसाठी एक फोन नंबर.

तो फोन केरबानं गिरणीच्या बाहेर कडुलिंबाखाली उभं राहून लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, त्यानं दोन दाबलं. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक पोरगी आली.

"ताई, तुमची ती मॅग्नेशियमची गोळी हाय ना," केरबा म्हणाला, "ती कशावर दळली?"

"सॉरी सर?"

"म्हंजे त्या मशीनवर तिच्या आधी काय होतं? गव्हाचं काही होतं का? माझ्या लेकराला गहू जमत न्हाई."

पोरीनं थांबा म्हटलं, पुन्हा गाणं. मग एका पुरुषाचा आवाज आला, मोठा गोड, आदबशीर. "नमस्कार सर. काय अडचण आहे?"

केरबानं पुन्हा सगळं सांगितलं. चक्की, बाही, मूठभर पीठ, आठ महिने. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. मग त्यानं विचारलं, "तुमच्या गोळीचं मशीन येगळं हाय का? का त्याच्यावर दुसरंबी काही चालतं?"

पलीकडं क्षणभर शांतता झाली. फार नाही. दळणाचा डबा उचलून पेटीत रिता करायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

"तसं काही नसतं सर," आवाज म्हणाला. "आपली पूर्ण ग्लुटेन-फ्रीच आहे. शंभर टक्के. बिनधास्त घ्या."

केरबानं फोन कानाला आणखी घट्ट धरला. हा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता, पण हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. अगदी घरचा. हे शब्द तोंडातून सुटताना जीभ कशी सैल असते, डोळे कसे समोरच्या डब्याकडं नसतात, हे त्याला आतून ठाऊक होतं. तीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा त्यानं हेच केलं होतं. तो माणूस कदाचित खरंही बोलत असेल. केरबाला तेही वाटलं. कितीतरी वेळा चक्की खरंच ज्वारीवर असायची आणि तेव्हाही तो याच आवाजात सांगायचा. बाईला फरक कळायचा नाही. आता त्याला कळत नव्हता.

"लिहून देताल का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मेल करा ना सर," आवाज म्हणाला. लुंबिनीनं मेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आमची सर्व उत्पादनं उच्च दर्जाच्या कसोट्यांवर तपासली जातात, आपल्या विश्वासाबद्दल आभार. गहू हा शब्द त्यात कुठंच नव्हता. लुंबिनीनं पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर पुन्हा आलं, तारीख तेवढी नवी.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. गिरणीत नुकतंच हॉस्टेलच्या मेसचं गव्हाचं मोठं दळण उतरलं होतं. शांतम्मा आली. धर्माबादकडची, लग्न होऊन इकडं येऊन पंचवीस वर्षं झाली तरी ज्वारीला अजून तेलुगूत जोन्नलु म्हणते. तिनं डबा कमरेवर टेकवूनच विचारलं, "केरबा, कशावर हाय?"

केरबाचं तोंड उघडलं. शब्द ओठांवर येऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, "गव्हावर हाय."

"आँ?"

"आत्ताच गहू निघाला, शांतम्मा. मूठभर येईलच तुझ्या पिठात."

शांतम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं तिला अचकट-विचकट काही म्हटलं. "मग माझं जोन्नलु कामून टाकू इथं?" म्हणाली, डबा डोक्यावर चढवला आणि धरणाच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गिरणीकडं चालू लागली. तासाभरानं ती त्याच रस्त्यानं परत गेली, डब्यातून गरम पिठाची वाफ येत होती. "तिथं ज्वारीवर होतं," तिनं जाता जाता त्याला ऐकवलं. केरबाला पक्कं माहीत होतं, त्या गिरणीत सकाळपासून लग्नघरचा गहू चालू होता. तो चक्कीभोवतीचं पीठ झाडत राहिला. आठवडाभरात आणखी चार-पाच डबे तिकडं गेले.

ती तिसरी बरणी घरातल्या फळीवर तशीच होती. केरबा रोज तिला बघायचा. उघडायची नाही, टाकायचीही नाही. सरजाबाई एकदा म्हणाली, "द्या तरी न्हाई तर फेका तरी. तिला बघून माझा जीव नुसता टांगला जाऊन राहिला." त्यानं दोन्ही केलं नाही. तीन माणसांच्या घरात ती बरणी चौथ्या माणसासारखी बसून होती.

गुरुवारी लुंबिनी लवकर घरी आली. ऊन अजून अंगणात होतं. खाकी सदरा घामानं पाठीला चिकटलेला, डोळे तांबडे. तिनं पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर तशीच बसली. केरबा मागच्या नळावरून अंघोळ करून येत होता.

"आज चाकूरला पोटरीत गोळा आला," ती म्हणाली. "मधल्या वाटेतच खाली बसले. उठताच येईना. लोकं वरून पाय टाकून उतरले. ड्रायव्हरमामा म्हणले, लुंबिनी, घरी बस काही दिवस."

केरबा दारातच उभा राहिला.

"डॉक्टरमॅडमला फोन केला मी," ती पुढं म्हणाली. "त्या म्हणल्या, जेवढं बघता येतं तेवढं तुम्ही बघितलं. याच्यापुढं कुनालाच कळणार न्हाई. सुरू करा. तीन महिन्यानं रक्त बघू. तो गव्हाचा आकडा चढला तर समजायचं, गोळीत गहू हाय."

"म्हंजे तुझ्या आतड्यावरच तपासायचं," केरबा म्हणाला.

लुंबिनी उठली. फळीवरची बरणी घेतली, झाकण फिरवलं, वरचा कागद फाडला आणि एक गोळी तळहातावर घेतली. पांढरी, लांबट, पिठाची असावी तशी. सरजाबाईनं न बोलता तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला.

"फोनवर काय म्हणले होते?" लुंबिनीनं विचारलं. हे ती तिसऱ्यांदा विचारत होती आणि तिसऱ्यांदा केरबा तेच म्हणाला, "हाव म्हणले. शंभर टक्के म्हणले."

"कसं म्हणले?"

केरबानं मान खाली घातली.

"तुमच्यासारखं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. तीस वर्षांत गावातल्या कुठल्या बाईपुढं त्याला अशी शरम वाटली नव्हती. "माय," तो म्हणाला, "मला ठाऊक न्हाई कशावर हाय ती. लई बघितलं. मला कळंना."

"तुमाला ठाऊक न्हाई, हे मला ठाऊक हाय, बाबा." ती थकून भिंतीला टेकली. "पर मला झोपायचं हाय. अन् भीत भीत गिळली तर मला नुसत्या भ्यानं झोप येणार न्हाई."

"मग मी काय करू सांग."

तळहातावरच्या गोळीकडं बघत ती म्हणाली, "एकदा म्हणा ना. बायांना म्हणता तसं."

केरबाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं सरजाबाईकडं पाहिलं, तर तिनं पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड केलं होतं. आठवडाभर त्यानं ते वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. तो खाकरला. ओले हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मग गिरणीत उभा असल्यासारखा ताठ झाला, आणि त्याच जुन्या, सैल, गोड आवाजात म्हणाला,

"ज्वारीवरच हाय, माय. टाक."

लुंबिनीनं गोळी तोंडात टाकली, तांब्या उचलून वरून पाणी प्यायली. या खेपेला ती हसली नाही.